कडेची दोन बोटं

करंजे नाक्यावर मुबारक शिकलगार
मागचं चाक हातानं फिरवतो,
नखानं रबर दाबतो
आणि माझ्याकडे न बघताच म्हणतो,
"रोज कराड करता ना, मॅडम?"

मधला पट्टा सपाट झालाय,
पालथ्या परातीसारखा.
नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज,
तासवड्याच्या टोलनाक्याची डावी फट,
सकाळी जाताना, रात्री येताना,
चौदा हजार किलोमीटर, सगळे सरळ.
कडेला मात्र रबराचे बारीक केस अजून तसेच,
तान्ह्या बाळाच्या कानावर असतात तसे.
"मधलं झिजलंय ते कंपनीचं," तो म्हणतो,
"कडेचं वापराल तेवढं तुमचं."

मी दिवसभर गिअरचे दाते तपासते.
मिलिमीटरचा शंभरावा भाग हलला
तरी लाल खडू उचलते.
पिशवीतून खोली मोजायचं गेज काढलं:
मधे दीड मिलिमीटर.
कडेची कोरी पट्टी बोटांनीच मोजली:
उजवीकडे एक बोट,
डावीकडे दोन.

शिकलगारनं तीही वाचली.
"डाव्या वळणाला भिता."

काय सांगायचं त्याला.
यवतेश्वरच्या घाटात डावं वळण डोंगराला चिकटून जातं,
आणि डोंगर तिथेच मुरूम सांडतो.
मागच्या दिवाळीत गुडघ्याला सात टाके.
आईला सांगितलं, कंपनीच्या जिन्यावर पाय घसरला.
तिनं जिन्याला शिव्या घातल्या.
टायरनं मात्र ठेवून घेतलं
जसंच्या तसं.

त्यानं तीन टायर खाली काढले.
पहिला मऊ. वळणात गोचिडासारखा धरतो,
पण सात हजारात संपतो,
तोही माझ्या हायवेवर, सरळ रेषेत, फुकट.
दुसरा कडक. वीस हजार जाईल,
ओल्या रस्त्यावर मात्र देवाचं नाव घ्या.
तिसऱ्यावर त्यानं हात ठेवला,
"मधे कडक, कडेला मऊ.
आमच्या अम्मीसारखा."
अठराशे रुपये जास्त.

बाजूवरचे चार आकडे मी वाचले:
एक्केचाळिसावा आठवडा, मागचं साल.
कोपऱ्यातला स्वस्तातला एक विचारला
तर त्यानं मान हलवली,
"तो काचेमागच्या उन्हात म्हातारा झालाय,
एक किलोमीटर न चालता."
मी तो पुन्हा विचारला नाही.

"हवा थंड चाकात बघायची.
कराडला तेहेतीस, घाटाला तीस.
आणि पहिले शंभर किलोमीटर
याच्यावर विश्वास ठेवू नका,
अंगाला तेलकटपणा असतो.
वाकवा, पण हळूहळू."

शंभर तर कराडनंच खाल्ले,
एका दिवसात.

रविवारी साडेपाचला समर्थ मंदिराचा चौक मोकळा.
खाली सातारा दिव्यांचा,
अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याचा लाल ठिपका मागे,
आणि मी पहिल्या डाव्या वळणावर.
नजर मुरमावर ठेवली तर गाडी मुरमाकडेच जाते,
हे गुडघ्याला माहीत आहे, डोळ्यांना नाही.
दुसऱ्याला आत शिरायच्या आधीच ब्रेक सोडला.
तिसऱ्याला
मागचं चाक जरा बसल्यासारखं झालं,
कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं,
आणि गाडी मला न विचारता
वळण पुरं करून बाहेर आली.
चौथ्याला पुन्हा घाबरले.
खोटं का लिहू.

कासच्या वाटेवर टपरीशी थांबले.
हेल्मेट आरशावर अडकवून उकिडवी बसले,
रबरावर तळवा टेकवला.
गरम. नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतकं नाही,
टोपल्यातल्या भाकरीइतकं.
डावीकडची पट्टी बोटांनी मोजली:
दीड बोट,
किंवा थोडी जास्तच.

"पंक्चर का, ताई?" टपरीवाला.
"नाही," म्हटलं, "बघतेय."
त्यानं चहा गाळता गाळता
एकदा चाकाकडे बघितलं,
एकदा माझ्याकडे,
आणि साखर विचारायची विसरला.